मुलीला सॉलिड-स्टेट बॅटरी करायची आहे, शाखा कोणती घ्यावी?

बेळगावच्या उद्यमबागेत हायड्रॉलिकचे सुटे भाग करणारे एक पालक विचारतात: 'मुलगी पीयूसीच्या दुसऱ्या वर्षाला (बारावीला) आहे. इलेक्ट्रिक गाड्यांच्या सॉलिड-स्टेट बॅटऱ्या करायच्या म्हणते. केमिस्ट्रीकडे जाऊ दे की मेकॅनिकलला? आमच्या धंद्याशी याचा काही संबंध आहे का?'

नमस्कार. संबंध आहे, आणि तुम्हाला वाटतो त्याहून जवळचा आहे.

या बॅटऱ्या प्रयोगशाळेत चालतात. अडलंय ते त्या कारखान्यात, हजारोंनी आणि परवडेल अशा किमतीत करण्यापाशी. बॅटरीत लिथियमचे आयन, म्हणजे विद्युतभारित कण, ज्यातून इकडून तिकडे जातात तो इलेक्ट्रोलाइट. साध्या बॅटरीत तो द्रव असतो आणि फटीफटीत आपोआप शिरतो. सॉलिड-स्टेटमध्ये तो घन असतो. घनावर घन नुसता टेकवला तर मध्ये पोकळ्या राहतात आणि तिथून आयन पुढे जात नाहीत. म्हणून एका पद्धतीत सेल सीलबंद करून द्रवात बुडवतात आणि चहूबाजूंनी हजारो बार दाब देतात. दोन-तीनशे बारलाच सील किती सांभाळावं लागतं, हे तुम्ही रोज पाहता. त्यात एक घाणा काढून दुसरा घालायचा, म्हणजे वेग मिळत नाही.

घन इलेक्ट्रोलाइटपैकी सल्फाइडचा हवेतल्या ओलाव्याने विषारी वायू सोडतो, त्यामुळे काम अगदी कोरड्या खोलीतच करावं लागतं. आपल्याकडच्या पावसाळ्यात अशी खोली राखणं हेच मोठं इंजिनिअरिंग आहे. ऑक्साइडचा १००० अंशांच्या वर भाजावा लागतो. तेवढ्या तापात लिथियम उडून जातं, आणि पातळ थर ठिसूळ असल्यामुळे तडकतो. भट्टीचं हे दुखणं बेळगावच्या फाउंड्रीवाल्यांना परकं नाही.

म्हणून माझं मत मेकॅनिकल किंवा मेटलर्जी. जेईईत चांगले गुण पडले तर सुरतकलच्या एनआयटीत मेटलर्जी आहे. नाहीतर कर्नाटकच्या सीईटीतून बेळगावातच मेकॅनिकल घ्या. नुसतं 'बॅटरी' नाव असलेली पदवी आत्ताच नको, पाया अरुंद राहतो. पुढे संशोधनाची ओढ टिकली तर बेंगळुरूची आयआयएससी आणि कारैकुडीची सीईसीआरआय ही विद्युत-रसायनाची केंद्रीय संशोधन संस्था आहेच.

टोयोटाने अशा गाडीसाठी २०२७-२८ चं लक्ष्य ठेवलंय, पण पहिली नोकरी बहुधा साध्या लिथियम-आयन सेलच्या कारखान्यातच मिळेल. तिने ती आनंदाने घ्यावी. कोटिंग, रोलरखाली दाबणं, कोरडी खोली हे सगळं तिथेच हाताखालून जातं.

सीईटी झाली की महिनाभर तिला तुमच्या वर्कशॉपमध्ये उभी करा. मायक्रोमीटर हातात द्या. कुठला भाग रिजेक्ट झाला आणि का, हे रोज वहीत लिहू दे. शाखा भरायच्या आधी ती वही घेऊन दोघंही मला भेटा.