पोटाने श्वास घ्यायचा म्हणजे नेमकं काय?

प्रश्न : माझे सासरे सोलापूरच्या पूर्व भागात बरीच वर्षं टॉवेलच्या मागावर होते. हल्ली जिना चढताना त्यांना दम लागतो. डॉक्टरांनी पंप दिलाय, शिवाय 'पोटाने श्वास घ्या' म्हणाले. फुप्फुसं तर छातीत. मग पोटाने श्वास कसा? — एक वाचक, सोलापूर

उत्तर : हवा पोटात जात नाही. फुप्फुसांना स्वतःला फुगवणारा स्नायूच नाही. ते काम श्वासपटलाचं. छाती आणि पोट यांच्यामधला हा घुमटाकार स्नायू आकसला की खाली सरकतो, साध्या श्वासात एक-दोन सेंटिमीटर. छातीची पोकळी वाढते, फुप्फुसांवरच्या आवरणातल्या द्रवाच्या पातळ थरामुळे फुप्फुसंही तिच्यासोबत ताणली जातात, आतला दाब उतरतो आणि हवा आत येते. खाली दाबलं गेलेलं यकृत, आतडी पुढे सरकतात, म्हणून पोट वर येतं. श्वास सोडताना ताणलेली फुप्फुसं आपणच आकसतात.

साध्या श्वासात सुमारे ५०० मिली हवा येते. त्यातली १५० मिली श्वासनलिकांतच राहते, रक्तापर्यंत पोचत नाही. म्हणून भराभर, उथळ श्वासात मेहनत जास्त आणि पदरात कमी.

श्वासनलिका अरुंद झाल्या की हवा पुरती बाहेर पडत नाही. फुप्फुसं फुगलेलीच राहतात, श्वासपटल आधीच सपाट होतं आणि त्याला खाली जायला वाव उरत नाही. मग मान-खांद्यांचे स्नायू राबतात. श्वास घेताना सासऱ्यांच्या मानेचे स्नायू ताणलेले दिसतात का, बघा.

सराव असा : उताणं झोपून गुडघ्यांखाली उशी. एक हात छातीवर, एक बेंबीच्या वर. नाकाने दोन अंक मोजत श्वास; खालचा हात उचलला जावा, वरचा जवळजवळ स्थिर. मग शिट्टी वाजवताना करतो तसे ओठ करून चार अंक मोजत सोडा. पाच मिनिटं, दिवसातून दोन-तीनदा, जेवणानंतर लगेच नको. बहुतेक जण पोट मुद्दाम ढकलतात. त्याने श्वासपटल हलतंच असं नाही. चक्कर आली, बोटांना मुंग्या आल्या तर श्वास फार जोरात होतोय, थांबा.

आजार बराच पुढे गेला असेल तर याने दम उलट वाढू शकतो. तसं झालं तर पोटाचा हट्ट सोडा. खुर्चीत पुढे वाकून, कोपर मांड्यांवर टेकवून नुसतं ओठांनी सावकाश सोडणं पुरे. जिन्यावरही तेच : थांबून श्वास घ्या, सोडत सोडत पायऱ्या चढा. पंप मात्र बंद करायचा नाही.

आणि मागावर असताना सुट्टीनंतरच्या पहिल्या दिवशी छाती आवळायची का, हे त्यांना विचारून डॉक्टरांना सांगा. कापसाच्या धुळीने होणाऱ्या आजाराची ती ठरलेली खूण आहे.