पेसमेकर बसला, पण ही फडफड कशाची?

प्रश्न : मी ६७ वर्षांची निवृत्त शिक्षिका असून सातारा जिल्ह्यातील एका गावात राहते. दोनतीनदा चक्कर येऊन पडल्यावर तपासणीत ‘हार्ट ब्लॉक’ (हृदयाच्या वरच्या कप्प्याचा विजेचा संदेश खालच्या कप्प्यापर्यंत नीट न पोचणे) निघाला, नाडी ३६ भरली आणि पाच आठवड्यांपूर्वी मला दोन वायरींचा पेसमेकर बसवण्यात आला. चक्कर पूर्ण थांबली आहे. मात्र डाव्या कुशीवर वळले की बरगड्यांच्या खाली नाडीच्या तालावर काहीतरी फडफडते आणि कधीकधी उचकी लागते. मध्यरात्रीनंतर जाग असेल, तर बहुधा एकाच सुमाराला दोनचार ठोके वेगळेच, जोरात जाणवतात. रिक्षात बसले की काहीही श्रम नसताना नाडी वाढते. जखमेची जागा ओढल्यासारखी वाटते, म्हणून मी डावा हात झोळीतच ठेवते. ईसीजी काढून ‘सगळे ठीक आहे’ असे सांगण्यात आले. सूनबाई म्हणते, ‘आई, तुमचं लक्ष सारखं तिकडेच असतं.’ हे खरोखर मनाचे खेळ आहेत का?

उत्तर : नाहीत. आपण प्रत्येक त्रासाची वेळ आणि त्या वेळची शरीराची स्थिती नेमकी लिहिली आहे, ही आपल्या पत्रातील सर्वांत उपयोगी गोष्ट आहे. ईसीजी चांगला आला म्हणून या तक्रारी नाकारता येत नाहीत. कारण नेहमीचा ईसीजी हा उताणे निजलेल्या माणसाचा साधारण दहा सेकंदांचा आलेख असतो. डाव्या कुशीवर वळल्यावर किंवा मध्यरात्री काय घडते, हे त्यात दिसणार कसे?

फडफडीकडे सर्वांत आधी लक्ष द्यायला हवे. हृदय ज्याच्यावर टेकलेले असते, तो छाती आणि पोट यांच्यामधला श्वासाचा पडदा हादेखील एक स्नायूच आहे. पेसमेकरची खालची वायर उजवीकडच्या खालच्या कप्प्यात असते आणि त्या कप्प्याची भिंत पातळ असल्यामुळे विजेचा स्पंद जोरकस असला, तर हृदयाबरोबर हा पडदाही प्रत्येक ठोक्याला आकसतो. त्यालाच आपण फडफड किंवा उचकी म्हणत आहात. कूस बदलली की हृदय थोडे सरकते, म्हणून ती एका कुशीवर जाणवते आणि दुसऱ्या कुशीवर थांबते. सुरुवातीच्या आठवड्यांत वायरीच्या टोकाशी सूज असते आणि हृदय उद्दीपित करण्यासाठी लागणारा विद्युतदाब वाढू शकतो, म्हणून डॉक्टर तो मुद्दाम चढा ठेवतात आणि साधारण तीन महिन्यांच्या तपासणीत कमी करतात. आपली फडफड या चढ्या दाबामुळे असेल, तर छातीवर पेसमेकर तपासणाऱ्या यंत्राचा फक्त एक भाग ठेवून, टाका न घालता, काही मिनिटांत तो कमी करता येतो.

तरीही तीन महिने वाट पाहू नका. वायर जागची हलली किंवा तिचे टोक स्नायूत जास्त खोल रुतले, तरी अशीच फडफड होते, आणि वायर हलण्याचा धोका याच पहिल्या काही आठवड्यांत अधिक असतो. त्यामुळे पेसमेकर बसवलेल्या ठिकाणी दोनतीन दिवसांत दूरध्वनी करून ‘मला ईसीजी नको, पेसमेकर यंत्रावर तपासून हवा आहे’ असे स्पष्ट सांगा. गरज वाटल्यास ते छातीचा एक्स-रे आणि सोनोग्राफीही करतील. या तपासणीत उताणे निजून गप्प राहू नका. डाव्या कुशीवर वळा आणि फडफड सुरू झाली की लगेच बोला. तंत्रज्ञाला दाब वरखाली करताना हे कळले, तर अर्धे काम तिथेच होते.

मध्यरात्रीच्या ठोक्यांचे कारण बहुधा फारच साधे असेल. अनेक आधुनिक पेसमेकर दिवसातून एकदा, रुग्ण झोपलेला असेल अशा वेळी, हृदय किती कमी विद्युतदाबाला प्रतिसाद देते याची आपण होऊन परीक्षा घेतात. त्या थोड्या वेळात ठोक्यांची लय नेहमीपेक्षा वेगळी होते आणि जागा असलेल्या माणसाला ती कळते. आठवडाभर उशाशी वही ठेवून वेळ लिहा. ती घड्याळ लावल्यासारखी एकच निघाली, तर यंत्रात ही चाचणी कधी होते ते तंत्रज्ञ पाहून सांगेल. तिची वेळ बदलता येते किंवा ती बंदही ठेवता येते. वेळ दररोज वेगळी असेल, तर ते हृदयाचेच मध्ये पडणारे जादा ठोके असण्याची शक्यता आहे. पेसमेकर नाडी ठरावीक मर्यादेच्या खाली जाऊ देत नाही. जादा ठोके थांबवणे हे त्याचे काम नाही, हे पुष्कळांना कोणी सांगितलेलेच नसते.

रिक्षाचे निरीक्षण वाचून मला हसू आले, कारण ते अगदी बरोबर आहे. माणूस चालू लागला की ठोके वाढावेत, यासाठी अनेक पेसमेकरमध्ये हालचाल ओळखणारा संवेदक असतो. तो शरीराची हालचाल मोजतो, श्रम नव्हे. आपल्याकडच्या खड्ड्यांतून जाणारी रिक्षा आणि भरभर चालणारी शिक्षिका यांत त्याला फरक कळेलच असे नाही. याच कारणाने काही जणांची नाडी जिना चढताना वाढते त्यापेक्षा उतरताना जास्त वाढते. यात धोका नाही, पण आपल्याला दुहेरी वायरीचा पेसमेकर हार्ट ब्लॉकसाठी बसला आहे; हृदयाच्या वरच्या कप्प्याचे नैसर्गिक ठोके श्रमाबरोबर नीट वाढत असतील, तर खालचा कप्पा त्यांच्यामागून चालेल आणि या संवेदकाची गरजच उरणार नाही. तो बंद किंवा मंद करता येईल का, हे त्याच भेटीत विचारा.

यंत्राचे समायोजन करता येते, ही गोष्ट पेसमेकरच्या जन्मापासून नव्हती. ८ ऑक्टोबर १९५८ रोजी स्वीडनमधील कॅरोलिन्स्का रुग्णालयात आर्ने लार्सन यांच्या शरीरात बसवलेला पहिला पेसमेकर काही तासच चालला. पुढे लार्सन यांना वीसहून अधिक पेसमेकर लागले आणि ते २००१ पर्यंत जगले. सुरुवातीची यंत्रे हृदयाचे काही न ऐकता एकाच गतीने ठोके देत. आपले यंत्र मात्र बाहेरून बदलता येते. ते बसवले तेव्हाच्या आकड्यांवरच कायम राहिले पाहिजे, असा कोणताही नियम नाही.

आता जखमेविषयी. यंत्राचे वजन साधारणपणे जुन्या जाड पाच रुपयांच्या तीन नाण्यांएवढे असते, पण कॉलरबोनच्या खाली कातडी ताणून तयार केलेल्या खिशात ते नवे असेपर्यंत जाणवतेच. आजूबाजूची बधिरता, खाज आणि ओढ काही आठवड्यांत, कधी काही महिन्यांत ओसरते. ब्लाउजची शिवण किंवा पिशवीचा पट्टा घासत असेल, तर मध्ये मऊ कापडाची घडी ठेवा. हळद, तेल, बाम काही लावू नका, मालीश तर मुळीच नको, आणि यंत्र बोटांनी सारखे चाचपूही नका. सवयीने यंत्र फिरवत राहिल्यामुळे वायर गुंडाळली जाऊन जागची निघाल्याची प्रकरणे वैद्यकात प्रसिद्ध आहेत. झोळी मात्र डॉक्टरांना विचारून लवकर सोडा. पहिले चारसहा आठवडे कोपर खांद्याच्या वर नेऊ नये आणि जड उचलू नये, एवढेच बंधन असते. केस विंचरणे, जेवणे, खांद्याच्या खालची हालचाल हे सारे केले पाहिजे. नाहीतर पेसमेकर उत्तम आणि खांदा आखडलेला, अशी वेळ येते. तीही मी पुष्कळदा पाहिली आहे.

पुन्हा चक्कर किंवा शुद्ध हरपणे, नाडी ठरवलेल्या आकड्याखाली जाणे, श्वास घेताना छातीत टोचणे, हात सुजणे, ताप, किंवा जखम लाल होऊन वाढती सूज वा स्राव यांपैकी काहीही दिसले, तर मासिकाला पत्र न लिहिता त्याच दिवशी रुग्णालय गाठा. जखमेची सूज कोणी सुईने काढू म्हणाले, तर पेसमेकर बसवलेल्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय होकार देऊ नका.

प्रश्न : माझे वडील ७४ वर्षांचे आहेत. दोन महिन्यांपूर्वी त्यांना एका वायरीचा पेसमेकर बसवला, पण ते पूर्वीपेक्षा जास्त थकतात. उभे राहिल्यावर डोके हलके होते आणि ‘मानेत कोणीतरी आतून ठोसे मारतेय’ असे ते म्हणतात. यंत्र बिघडले आहे का? (नांदेड)

उत्तर : यंत्र आपले काम चोख करत असतानाही असे होऊ शकते. वायर फक्त खालच्या कप्प्यात असेल, तर यंत्राला वरच्या कप्प्याची खबर नसते. मग खालचा कप्पा आकुंचन पावून झडपा मिटलेल्या असतानाच वरचा कप्पा आकसतो, रक्त पुढे न जाता मानेतील शिरांकडे उलटे ढकलले जाते आणि तोच ठोसा वडिलांना जाणवतो. काही जणांचा रक्तदाबही पेसमेकरच्या ठोक्यांवर खाली येतो. डॉक्टर यंत्राच्या आणि हृदयाच्या स्वतःच्या ठोक्यांवर रक्तदाब वेगवेगळा मोजून हे पडताळून पाहू शकतात. वडिलांचे स्वतःचे ठोके पुरेसे असतील, तर यंत्राची किमान गती कमी ठेवून त्यांना संधी देता येते. तेवढ्याने भागले नाही, तर वरच्या कप्प्यात दुसरी वायर घालण्याचा विचार होतो. वरच्या कप्प्याची लय कायमची अनियमित असल्यामुळे एकच वायर घातली असेल, तर मात्र हे स्पष्टीकरण लागू पडत नाही आणि थकव्याचे कारण अन्यत्र शोधावे लागेल. म्हणून डॉक्टरांकडे जाताना डिस्चार्ज कार्ड आणि पेसमेकरचे ओळखपत्र, दोन्ही बरोबर न्या.