जुनी मर्सिडीज ४५० एसएल कन्व्हर्टिबल घेण्याआधी काय तपासावं?

तुमचा प्रश्न असा: १९७९ ची ४५० एसएल विकायला आहे, रंग चकाचक आहे, इंजिनाचं काम नुकतंच झाल्याचं विकणारा सांगतो. बघायला गेल्यावर नेमकं काय तपासायचं?

आधी पत्रा तपासा. इंजिनाचं काम झालंय या आश्वासनावर भाव ठरवू नका. ही गाडी आर१०७ (मर्सिडीजचं कारखान्यातलं सांकेतिक नाव) मालिकेतली. १९७१ ते १९८९ या काळात झिंडेलफिंगेनच्या कारखान्यात अशा २,३७,२८७ गाड्या बनल्या, त्यामुळे इंजिन, ब्रेक आणि सस्पेन्शनचे बहुतेक भाग अजून मिळतात. पण उघड्या गाडीला छताचा आधार नसतो. सगळा ताण फ्लोअर, दारांखालचे सिल आणि इंजिनामागची आडवी भिंत घेते. या तीन ठिकाणी गंज असेल तर दुरुस्तीचा खर्च बघता बघता गाडीच्या किमतीपलीकडे जातो.

सगळ्यात घातक जागा बाहेरून दिसतच नाही. पुढच्या काचेच्या बुडाशी हवा आत घेणारी जाळी असते आणि तिच्याखाली हीटरचा कप्पा. पानं आणि माती साचून पाणी निघण्याच्या वाटा तुंबल्या की पाणी तिथेच उभं राहतं आणि पत्रा आतून कुजतो. बोनेट उघडून तो कोपरा टॉर्चने बघा. मग विकणाऱ्याच्या परवानगीने जाळीत हळूहळू लिटरभर पाणी ओता. ते दोन्ही बाजूंनी पटकन गाडीखाली यायला हवं. एका बाजूनेच आलं किंवा बराच वेळ ठिबकत राहिलं, तर वाट तुंबलेली आहे. त्यानंतर दोन्ही पुढच्या सीटसमोरचं कार्पेट उचला आणि खालच्या जाड थरात हात घाला. वरून कोरडं असलेलं कार्पेट खाली ओलं निघू शकतं. या कप्प्यालगतची इंजिनामागची भिंत नीट दुरुस्त करायची म्हणजे काच, पुढचे मडगार्ड आणि डॅशबोर्ड उतरवावे लागतात. तिथे गंज सापडला आणि विकणारा "छोटं वेल्डिंग आहे" म्हणाला, तरी मी ती गाडी सोडून देईन.

पुढची तपासणी गाडी लिफ्टवर घेऊनच करा. सिलला जॅक लावायच्या चार जागा असतात, त्यांच्याभोवतीचा पत्रा स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोका. टणक आवाज आला पाहिजे. भद्द आवाज आला तर आत पुट्टी आहे किंवा पत्रा पातळ झालाय. मागच्या चाकांच्या कमानी आणि डिकीतला स्टेपनीचा खड्डा आलाच. गाडीच्या पोटाला नुकताच काळा डांबरी थर मारलेला असेल तर संशय घ्या आणि काम चालू असतानाचे फोटो मागा. रंगाची जाडी मोजायचं मीटर मिळालं तर फार उपयोगी पडतं: कारखान्याचा रंग साधारण १०० ते १५० मायक्रॉन, ३०० च्या आसपास म्हणजे पुन्हा रंगवलेला, ५०० च्या वर गेला की खाली पुट्टी असण्याची दाट शक्यता.

लिफ्टवर असतानाच पुढची आडवी सबफ्रेम (पुढचं सस्पेन्शन जिच्यावर बसतं ती चौकट) वायर ब्रशने साफ करून बघा. स्टिअरिंग बॉक्स बसतो त्या बाजूला आणि खालच्या कंट्रोल आर्मच्या (चाकाला चौकटीशी जोडणाऱ्या दांड्याच्या) जोडाजवळ तिला तडे जातात. ब्रेक मारताना गाडी एका बाजूला ओढत असेल किंवा अलाइनमेंट टिकत नसेल, तर इथे हमखास बघायचं. ग्रीसच्या थराखाली तडा सहज लपतो. जाड पट्ट्या लावून तो वेल्ड करता येतो, म्हणून हा दोष भाव कमी करायला पुरेसा आहे, गाडी नाकारायला नाही.

आता इंजिन. तुम्ही पोचण्याआधी ते चालू करू नका, असं विकणाऱ्याला बजावून सांगा आणि गेल्यावर बोनेटला हात लावून खात्री करा. थंड इंजिनात टायमिंग चेनचा (व्हॉल्व्ह वेळेवर उघडायला कॅमशाफ्ट फिरवणाऱ्या साखळीचा) खडखडाट सेकंदभर चालेल, पण तो टिकून राहिला तर टेन्शनर (चेन ताणून धरणारा भाग) किंवा चेनला दिशा देणाऱ्या प्लॅस्टिक पट्ट्या संपत आल्या आहेत. या पट्ट्या वयाने ठिसूळ होतात. तुकडा चेनमध्ये अडकला की चेन दात सोडते आणि व्हॉल्व्ह वाकतात. म्हणून "इंजिन केलंय" याचा पुरावा म्हणजे चेन, पट्ट्या आणि टेन्शनरची नावं असलेलं बिल; धुतलेलं इंजिन नव्हे. वरून टकटक येत असेल तर कॅमशाफ्टला तेल देणाऱ्या नळ्यांचे प्लॅस्टिक जोड तुटलेत का ते बघून घ्या. तेल न मिळालेला कॅम लवकर झिजतो.

ऑइल प्रेशरचा काटा ३ बारपर्यंतच असतो. इंजिन पूर्ण तापल्यावर आयडलिंगला तो १ च्या जवळ उतरला तरी घाबरू नका, मात्र थोडा अ‍ॅक्सिलरेटर देताच काटा लगेच ३ वर गेला पाहिजे. बराच वेळ आयडलिंगला ठेवून अ‍ॅक्सिलरेटर दिल्यावर निळा धूर आला तर व्हॉल्व्ह सील गेलेत, आणि ते हेड न काढता बदलता येतात. चढावर सतत निळा धूर येत असेल तर कॉम्प्रेशन मोजल्याशिवाय पुढे बोलू नका. आठ सिलिंडरांत १.५ बारपेक्षा जास्त फरक नसावा.

गरम इंजिन बंद करून २० मिनिटांनी पुन्हा चालू करा. खूप वेळ स्टार्टर फिरवावा लागला तर बॉशच्या के-जेट्रॉनिक या इंधन पुरवणाऱ्या यंत्रणेतलं प्रेशर गळतंय; बहुतेकदा मागच्या बाजूचा अ‍ॅक्युम्युलेटर (इंधनाचं प्रेशर धरून ठेवणारा भाग) किंवा पंपाचा चेक व्हॉल्व्ह बदलून भागतं. गाडी वर्षानुवर्षं उभी असेल तर फ्युएल डिस्ट्रिब्युटर (सिलिंडरांना इंधन वाटून देणारा भाग) चिकटलेला असू शकतो, आणि तो महाग पडतो. चालत राहिलेली जास्त किलोमीटरची गाडी मला उभ्या राहिलेल्या कमी किलोमीटरच्या गाडीपेक्षा बरी वाटते.

या मॉडेलचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स तीन गिअरचा. गिअर बदलताना इंजिन मोकळं फिरलं की लगेच गिअरबॉक्स गेला असं समजू नका. मॉड्युलेटरची (इंजिनावरच्या भाराप्रमाणे गिअर बदल जुळवणाऱ्या गिअरबॉक्सवरच्या भागाची) व्हॅक्युम नळी काढून बघा. आत लाल तेल दिसलं तर डायफ्राम फाटलाय, काम छोटं आहे. तेलाला जळका वास येत असेल तर मात्र आतल्या क्लच प्लेट जळालेल्या असू शकतात.

गाडी अमेरिकेसाठी बनलेली असेल तर लांब बंपर आणि जोडीचे गोल दिवे दिसतील. १९७७ ते १९८० च्या त्या गाड्यांत एसी-हीटरचा प्लॅस्टिक सर्वो (हवा आणि गरम पाणी आपोआप नियंत्रित करणारा भाग) फुटून कूलंट गळतं, तेवढं जरूर बघा.

चेसिस नंबरमध्ये १०७०४४ हे आकडे यायला हवेत आणि इंजिन नंबर ११७ ने सुरू व्हायला हवा. रेडिएटरवरच्या आडव्या पट्टीवरचा रंगाचा कोड आणि समोरचा रंग एक आहे का तेही जुळवा.

हार्डटॉप (काढता येणारं कडक छत) बसवलेला असेल तर तो तिथेच उतरवायला लावा. वजनदार असतो, दोन माणसं लागतात. त्याखाली वर्षानुवर्षं घडी करून ठेवलेलं कापडी छत आकसतं आणि मागची प्लॅस्टिकची काच घडीवर चिरते. ते ऊन असताना, सावकाश उघडून पुढच्या फ्रेमवर दोन्ही लॉक लागतात का बघा. दोनचार सेंटिमीटर कमी पडत असेल तर ओढून बसवू नका. नव्या छताचा खर्च भावातून वजा करा.