सिंक थांबवायचं कसं?

प्रश्न: लॅपटॉपमधून आईच्या ओव्या चुकून डिलीट झाल्या, आता त्या फक्त जुन्या आयपॉडवर आहेत. विंडोजच्या आयट्यून्सला (गाण्यांच्या प्रोग्रॅमला) तो जोडला की सिंक आपोआप सुरू होतं, म्हणजे लॅपटॉपवर नाही ते आयपॉडवरूनही पुसलं जातं. भीतीनं जोडलाच नाही.
– एक वाचक, धरमपेठ, नागपूर

उत्तर: ताई, नाही जोडला हे फार बरं केलंत! जोडताना शिफ्ट आणि कंट्रोल एकत्र दाबून धरा, आयपॉड लॅपटॉपच्या पडद्यावर आयट्यून्समध्ये दिसेपर्यंत. तरीही सिंक सुरू झालंच, तर वरच्या पट्टीतली बारीक फुली दाबा. पण तोवर पुसलेलं फुलीनं परत येत नाही. म्हणून आधी आयट्यून्सच्या प्रेफरन्सेसमधल्या ‘डिव्हायसेस’मध्ये आपोआप सिंक रोखण्याच्या चौकटीत टिक करा. आमच्या महाल भागातल्या घरी आजोबांची भजनं एकाच कॅसेटवर होती, ती गेली. तुम्ही आजच ओव्या वाजवून फोनवर रेकॉर्ड करा.