चिकुनगुनियानंतर चार महिने झाले, आईचं अंग दुखतं, थकवा जात नाही. वावरात काम केल्यानं ताकद येईल की आराम करू द्यावा?

दोन्ही नाही.

तुम्ही लिहिलंय की आईला ऑगस्टमध्ये चिकुनगुनिया झाला, डिसेंबर आला तरी मनगटं आणि घोटे दुखतात, दुपारून अंग गळून जातं. घरचे म्हणतात कापूस वेचणीला गेली की अंग मोकळं होईल, डॉक्टर म्हणाले आराम. तेल कोणतं लावावं हेही विचारलंय. तेलाचं नंतर. आधी ते "वावरात राबते तोच व्यायाम" हे वाक्य, कारण यवतमाळकडच्या गावांत फिजिओथेरपीचं काम करताना या एका वाक्यापायी जेवढ्या बाया परत बाजेवर पडलेल्या पाहिल्या, तेवढ्या दुसऱ्या कशानं नाही.

वेचणीचंच घ्या. चार-पाच तास कमरेतून वाकायचं, ओटीतलं ओझं वाढत पाच-सहा किलोवर जाणार, आणि बोंडातून कापूस ओढायची तीच चिमूट हजारो वेळा. मजुरी किलोवर. मनगट ठणकलं म्हणून कोण थांबेल? निंदणाला गुडघे पार मुडपून उकिडवं बसणं. सांधा तासन्‌तास एकाच कोनात अडकून राहतो आणि सगळा भार तोच सोसतो. स्नायूला वाढायला थोडा जास्त ताण आणि त्यानंतर पुरेशी विश्रांती लागते, ती वावरात मिळत नाही. आरामाचा सल्ला ताप आणि सूज असताना, पहिले दोन आठवडे, बरोबर होता. चार महिन्यांनी तोच सल्ला चालू ठेवला की मांडीचे स्नायू झिजतात, मग गुडघ्यावर भार येतो, गुडघा दुखतो म्हणून बाई अजून पडून राहते.

एक बाई सांगतो, वय पंचेचाळीसच्या आसपास, तुमच्या आईसारखंच सगळं. बाजेवरून उठताना दोन्ही हात मागे टेकवायची आणि श्वास रोखायची. खुर्चीवर बसवून, हात छातीशी बांधून, तीस सेकंदांत किती वेळा उठते ते मोजलं. चार. साठीतल्या बाईलाही बारापर्यंत जमायला हवं. पाण्याचा गुंड उचलता येत नाही, एवढंच तिचं दुःख होतं, बाकी काही मागत नव्हती.

सुरुवात बाजेवर करू नका, ती खोल आणि झोळ पडलेली असते. प्लास्टिकची खुर्ची भिंतीला टेकवून ठेवा, नाहीतर सरकते. बसायच्या जागेवर गोधडीची जाड घडी, म्हणजे उंची वाढते आणि उठणं सोपं होतं. पाय गुडघ्यांच्या थोडे मागे ओढायचे, नाक पायाच्या बोटांच्या पुढे येईपर्यंत वाकायचं, मग उठायचं. बसताना धपकन नाही, मनात एक-दोन-तीन मोजत. ताकद या सावकाश बसण्यातच जास्त वाढते आणि लोक नेमकं तेच सोडतात. किती वेळा? सगळ्यात वाईट दिवशी जेवढं जमतं त्याच्या निम्मं. त्या बाईला वाईट दिवशी चार जमायचं, म्हणून दोन, सकाळ-संध्याकाळ. तिला ते फारच थोडं वाटलं, पण ते रोज झालं. दर तीन-चार दिवसांनी एकेक वाढवत दहा झाले की गोधडीची एक घडी कमी करायची आणि आकडा परत सहावर आणायचा.

सोबत चौकटीला धरून टाचा उचलणं, आठ-दहा वेळा, तेही खाली येताना सावकाश. गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून ती पाच सेकंद दाबणं, दहा वेळा. हे बाजेवर पडल्या पडल्याही होतं, म्हणून वाईट दिवशी बाकी सगळं सोडा, हे सोडू नका. मनगटांसाठी सकाळी दहा मिनिटं कोमट पाण्यात हात, त्यात बोटं सरळ, अर्धी मूठ, पूर्ण मूठ. कडक चेंडू दाबायला देऊ नका. सुजलेल्या मनगटाला कपडे पिळायला तर अजिबात नाही, त्या पिळण्यानं आखडलेला हात रात्रभर ठणकतो. मऊ फडक्याचा बोळा पुरे. वजनाला पाण्याची लिटरची बाटली घ्या. अर्धी भरली की अर्धा किलो, पूर्ण भरली की एक. आठवड्याला दोन बोटं पाणी वाढवायचं, डंबेल विकत घ्यायची गरज नाही. चालणं घड्याळावर मोजा, अंतरावर नाही, कारण अंतर ठरवलं की माणूस ते ओढून-ताणून पुरं करतो. तीन मिनिटं जायचं, तीन मिनिटं यायचं, आठवड्याला एक-दोन मिनिटं वाढ. सध्या सकाळचं ऊन पडल्यावर, एप्रिल-मे मध्ये मात्र सातच्या आत.

दुखणं किती चालेल, यावर घरोघरी भांडण होतं. दहापैकी तीन-चार चालतं. निकाल दुसऱ्या दिवशी सकाळी लागतो: उठल्यावर सांधे नेहमीपेक्षा जास्त वेळ आखडलेले राहिले, तर काल जास्त झालं. मग तिसरा हिस्सा कमी करा, पण शून्यावर आणू नका. गरम, लाल, सुजलेल्या सांध्यावर त्या दिवशी वजन नाही, फक्त हलवणं.

तर ती बाई पाचव्या आठवड्यात नऊवर पोचली. गुंड अर्धा भरून उचलला. बरं वाटलं म्हणून शेजारणींसोबत वेचणीला गेली, सकाळी नऊ ते संध्याकाळी पाच. दुसऱ्या दिवशी मनगट बांगडी निघेना एवढं सुजलं, चार दिवस बाजेवर. सासू म्हणाली, "म्या सांगतलंच होतं, त्या कसरतीनंच झालं हे." वहीत रोजची नोंद होती: पाच आठवडे सकाळचा ताठरपणा कमी होत होता, वाढला तो वेचणीनंतरच्या सकाळी. वही दाखवली तरी घरात कोणी मानलं नाही. पाच आठवड्यांची मेहनत एका दिवसानं मोडते आणि दोष मेहनतीला लागतो, हे मला आजही पटलेलं नाही. तुमच्या घरीही हेच बोलतील, म्हणून वही पहिल्या दिवसापासून लिहा: उठण्याचा आकडा, चालण्याची मिनिटं, सकाळी सांधे किती वेळ आखडले.

नंतर ती वेचणीला परत गेली, पण मोजून. एक दिवसाआड एक तास, ओटी दोन किलोवर आली की धुऱ्यावर रिकामी, दर वीस मिनिटांनी सरळ उभं राहून मागे वाकणं. तुमच्या आईनं तीस सेकंदांत खुर्चीवरून बारा वेळा उठेपर्यंत हेसुद्धा करू नये. यंदाची वेचणी हुकली तरी हुकू द्या.

खाण्याचं थोडक्यात. पन्नास किलोच्या बाईला दिवसाला पन्नास-साठ ग्रॅम प्रथिनं हवीत. पातळ वरणाच्या वाटीत चार-पाचच असतात. वरण घट्ट करा. मूठभर शेंगदाण्यांत सात, अंड्यात सहा, तीस ग्रॅम सुक्या सोया वड्यांत पंधरा. घरचं सोयाबीन बाजार समितीत घालून घरात पातळ वरण, हे आपल्याकडे घरोघरी दिसतं.

तेल कोणतंही लावा, हलक्या हातानं, बरं वाटतं. ताकद येत नाही. सुजेवर रगडू नका. आणि दुखणं दोन दिवसांत गायब करणारं इंजेक्शन कोणी देत असेल तर त्यात काय आहे ते विचारा. बरेचदा स्टेरॉईड असतं, वारंवार घेतलं की मांडी-खांद्याचे स्नायू झिजतात, शुगर वाढते. आपण खुर्चीवर जे कमावतो ते तिकडून जातं.

हे आधी लिहायला हवं होतं: व्यायाम सुरू करण्याआधी हिमोग्लोबिन, थायरॉईड, बी-12 आणि शुगर तपासून घ्या. हिमोग्लोबिन आठच्या खाली असेल तर आधी त्याचा इलाज, नुसत्या व्यायामानं तो थकवा हटणार नाही. तीन महिन्यांनंतरही सांध्यांना सूज असेल तर संधिवाताच्या डॉक्टरांना दाखवा, चिकुनगुनियानंतर तसा वात मागे राहू शकतो. आपल्या भागात सिकलसेल बराच आहे. चाचणी झाली नसेल तर करा. एसएस (आई-बाप दोघांकडून आलेला, म्हणजे पूर्ण आजार) असेल तर धाप लागेपर्यंत व्यायाम नाही, पाणी भरपूर, थंडीत पहाटे बाहेर चालणं नाही, आणि जांघेत दुखत असेल तर खुब्याचा एक्सरे आधी.

आणखी एक. काही जणांना थोड्याशा श्रमानं दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी एवढं गळून जायला होतं की आठवडा उठता येत नाही, डोकंही चालत नाही. तुमच्या आईचं तसं असेल तर वरचं "वाढवत न्या" लागू नाही. ब्रिटनच्या नाइस या संस्थेनं 2021 मध्ये अशा थकव्याच्या आजारात ठरलेल्या पायऱ्यांनी व्यायाम वाढवण्याची शिफारस काढून टाकली. अशा वेळी जेवढं झेपतं त्याच्या आतच राहायचं आणि डॉक्टरांना ही गोष्ट याच शब्दांत सांगायची. वहीत दोन आठवड्यांत ते दिसून येईल.