कॅला लिली: वाचकांचे प्रश्न

प्रश्न (खारघर): जूनमध्ये ऑनलाइन मागवलेले गुलाबी कॅलाचे तीन कंद कुंडीत लावले. कोंब जोरात आले, पण जुलैअखेर झाडं बुडातून आडवी झाली. ओढली तर हातात आली, कंदाला घाण वास येत होता. बुरशीनाशक दोनदा घालूनही उपयोग झाला नाही. काय चुकलं?

उत्तर: महिना चुकला. ही कंदाची ओली कूज, आणि ती जिवाणूमुळे होते. म्हणूनच बुरशीनाशकाचा उपयोग झाला नाही. माती चिंब, हवा दमट आणि उष्मा २८ अंशांच्या वर, हे तिन्ही जमलं की हा जिवाणू कंदाचा काही दिवसांत चिखल करतो. त्यात नत्र जास्त पडलं असेल तर पेशी लुसलुशीत होतात आणि काम आणखी सोपं होतं. कुजलेला कंद वाचत नाही. तो मातीसकट टाकून द्या, कंपोस्टमध्ये नको. कुंडी धुऊन उन्हात वाळवा, सुरी स्पिरिटने पुसा.

कॅला मूळची दक्षिण आफ्रिकेची. तिला १५ ते २५ अंश मानवतात. ठाणे-नवी मुंबईत त्याच्या जवळपास जाणारी हवा डिसेंबर ते फेब्रुवारीतच मिळते, म्हणून रंगीत कॅला इथे हिवाळी पीक समजूनच लावावी. ऑक्टोबरची काहिली ओसरली की, म्हणजे दिवाळीच्या आगेमागे, कंद लावा. ८ इंची कुंडीत एक, १२ इंचीत तीन. उंचसखल, डोळ्यांची बाजू वर आणि गुळगुळीत बाजू खाली. वर ७ ते ८ सेंमी मातीचा थर. मिश्रणात दोन भाग कोकोपीट, एक भाग गांडूळखत, एक भाग परलाइट (माती भुसभुशीत ठेवणारे हलके पांढरे खडे) किंवा जाड वाळू. नुसती लाल माती चोपते आणि पाणी धरून बसते.

लावल्यावर एकदाच पाणी द्या, मग कोंब बोटभर होईपर्यंत माती जेमतेम ओलसर ठेवा. बहुतेक कंद या काळात, झाड दिसत नाही म्हणून काळजीपोटी घातलेल्या पाण्याने जातात. पानं उलगडली की वरची २ सेंमी माती सुकल्यावर पाणी. दर पंधरा दिवसांनी १९:१९:१९ खत (नत्र, स्फुरद, पालाश सारखंच) लिटरभर पाण्यात १ ग्रॅम, कळी दिसली की त्याऐवजी ०:०:५० (नुसतं पालाश), तेवढंच. सकाळचं चार तास ऊन हवं, दुपारचं नको. फुलं साधारण जानेवारीत येतात.

प्रश्न (कोलशेत, ठाणे): पांढऱ्या कॅलालाही हेच लागू का? नर्सरीवाले म्हणतात, तिला पाण्यातच ठेवा.

उत्तर: नर्सरीवाले बरोबर आहेत, फक्त ते पांढरीबद्दल. ती ओढ्याकाठची, खाली तबकात पाणी साचलेलं तिला चालतं आणि ओल असेल तर ती बारमाही हिरवी राहते. रंगीत जातींना मात्र कोरडी विश्रांती लागते. दोघींना एकच नियम लावणं हेच बऱ्याच बागांत नुकसानीचं कारण ठरतं. उटी-कोडाईकनालच्या ओल्या घळींत पांढरी मोकाट वाढते. इथे एप्रिल-मेमध्ये ती दमते, पानं पिवळी पडतात. तेव्हा पूर्ण सावलीत हलवा. फुलं डोंगरावरच्याइतकी येणार नाहीत.

प्रश्न (नेरूळ): पानं भरपूर, फूल एकही नाही.

उत्तर: कंद लहान असणार. निदान ४ ते ५ सेंमी व्यासाचा कंद हवा. तो ठीक असेल तर सावली किंवा नत्राचं खत जास्त होतंय. आणि ऑनलाइन ‘निळ्या कॅलाचं बी’ घेतलं असेल तर विसरा: खरी निळी कॅला अस्तित्वात नाही, आणि खऱ्या कॅलाच्या बियांपासूनही फूल यायला दोन-तीन वर्षं लागतात.

प्रश्न (वाशी): कंद पावसाळ्यात कसे ठेवायचे?

उत्तर: रंगीत कॅलाची पानं एप्रिलमध्ये पिवळी पडू लागली की पाणी तोडा. हिरवी असताना कापू नका, कंद त्यांच्यावरच भरतो. पूर्ण वाळल्यावर अलगद उकरा, जखम होऊ देऊ नका, सावलीत पाच दिवस वाळवा. मग कोरड्या कोकोपीटमध्ये, कागदी पिशवीत, घरातल्या कपाटाच्या वरच्या फळीवर ठेवा. प्लॅस्टिकमध्ये घाम धरतो. गॅलरीत नको, तिथे जुलैची दमट हवा बुरशी आणते. फ्रिजही नको, ४ अंश फार थंड होतात. दर पंधरवड्याला दाबून बघा आणि मऊ लागला तो बाजूला काढा.

प्रश्न (घोडबंदर रोड): गणपतीत घरची कॅला मिळेल का?

उत्तर: नाही. भाद्रपदात पांढरं, सुवासिक आणि पावसाला न घाबरणारं हवं तर सोनटक्का लावा.

प्रश्न (ऐरोली): मांजराने पान चावलं, तोंडातून लाळ गळतेय.

उत्तर: कॅला अळवाच्याच कुळातली. पानात, देठात, कंदात कॅल्शियम ऑक्झलेटच्या सुया असतात, त्या तोंडात रुततात. तोंड ओल्या फडक्याने पुसा, पाणी पाजा आणि पशुवैद्याला दाखवा. सूज वाढली किंवा श्वासाला त्रास होऊ लागला तर थांबू नका. लहान मूल असेल तर थेट डॉक्टर. कुंडी उंचावर, आणि कंद हाताळताना हातमोजे.