आधी व्होल्ट मोज, मग गुणाकार

वागळे इस्टेटमध्ये इलेक्ट्रिशियनचा हेल्पर म्हणून लागलास ना, मग एवढं डोक्यात ठेव: व्होल्ट गुणिले अँपिअर म्हणजे वॉट, आणि व्होल्ट भागिले अँपिअर म्हणजे ओहम. गिझरवर २००० वॉट लिहिलेलं असतं ते २३० व्होल्टला. २००० भागिले २३०, करंट ८.७ अँपिअर. २३० भागिले ८.७, रेझिस्टन्स साधारण २६.४ ओहम. आता व्होल्टेज २१० वर उतरलं तर? पाणी तापवणारी कॉइल तीच, म्हणून ओहम तेवढेच. करंट २१० भागिले २६.४, म्हणजे ७.९, आणि पॉवर २१० गुणिले ७.९, म्हणजे साडेसोळाशे वॉटच्या आसपास. व्होल्ट नऊ टक्के पडले, वॉट सतरा टक्के. पाणी तापत नाही म्हणून लगेच कॉइल बदलायला निघू नकोस.

क्लॅम्प मीटर, म्हणजे वायरीभोवती चिमट्यासारखं लावून करंट मोजायचं मीटर, एकाच वायरीवर लाव; दोन्ही वायरी एकत्र पकडल्या तर जाणारा आणि येणारा करंट एकमेकाला मारतो. मी सुरुवातीला अख्खी केबल पकडली, शून्य दिसलं आणि लाइन बंद समजून हात घालणार होतो!

ओहम मात्र एमसीबी (बोर्डावरचा सेफ्टी स्विच) पाडून, वायर सोडवूनच मोजायचे. आणि जुन्या ६० वॉटच्या पिवळ्या बल्बवर फसू नकोस. हिशोबाने ८८२ ओहम, थंड बल्बवर मीटर जेमतेम सत्तरच्या घरात. मीटर ठीक आहे, फिलामेंट, म्हणजे बल्बमधली तार, तापली की ओहम चढतात.

पंप, पंखा यांना हा सरळ गुणाकार लावू नकोस, तिथे पॉवर फॅक्टर येतो, म्हणजे त्या गुणाकारातला किती भाग खरे वॉट होतो ते. ते पुढच्या आठवड्यात बघू.